हर्शेलने बदललेले आयपीस

पंचांगात किंवा कुंडलीत ‘हर्षल’ हे नाव आपण पुष्कळदा वाचतो. शनीच्याही पलीकडचा हा ग्रह म्हणजे युरेनस. पण त्याचे आपल्याकडचे हे नाव कुणा देवाचे नाही, बँड वाजवणाऱ्याच्या मुलाचे आहे, हे फारसे कुणाच्या ध्यानात नसते. विल्यम हर्शेल हा तो मुलगा.

थंडी सुरू झाली, परदेशी पाहुणे पक्षी उजनीच्या पाण्यावर उतरले, की स्पॉटिंग स्कोप घेऊ पाहणारे मित्र मला हटकून विचारतात, की आयपीस कोणता घ्यावा. मोठ्या आकड्याकडे सर्वांचा ओढा. साठपट मिळत असताना वीसपटीवर समाधान का मानायचे, असा रोकडा हिशोब. अशा वेळी मी हर्शेलचे चरित्र सांगतो. दुर्बिणीच्या तोंडाशी असलेले भिंग किंवा आरसा प्रकाश गोळा करतो. किती पट मोठे दिसायचे ते डोळ्याजवळचा आयपीस ठरवतो. पट वाढली की तोच प्रकाश अधिक जागेवर पसरतो, चित्र मंद होते, दिसणारा तुकडा आक्रसतो आणि हवेची थरथरही तितकीच पट मोठी होते. हे हर्शेलइतके फार थोड्यांनी अनुभवले असेल.

त्याचा जन्म 1738 चा, जर्मनीतल्या हॅनोव्हरचा. वडील लष्करी बँडमध्ये, मुलगाही तिथेच ओबो वाजवू लागला. 1757 मध्ये युद्धाच्या धामधुमीत तो इंग्लंडला गेला. पुढे बाथ या गावी चर्चमध्ये ऑर्गन वाजवणे, शिकवण्या, मैफली असा त्याचा उत्तम जम बसला. 1772 मध्ये त्याने धाकटी बहीण कॅरोलिन हिला गाणे शिकवायला म्हणून आणले. तिचे गाणे थोडक्यातच राहिले, कारण संगीताच्या गणितातून भाऊ प्रकाशशास्त्राकडे आणि तिथून आकाशाकडे वळला होता. चांगली दुर्बीण विकत घेणे खिशाला झेपेना, म्हणून तांबे आणि कथील यांच्या मिश्रधातूचे आरसे तो घरीच ओतू लागला. घराचा कारखाना झाला. एकदा तर आरशाला झिलई देताना सोळा तास त्याने हात उचलला नाही. कॅरोलिन त्याच्या तोंडात घास भरवत होती. कुठल्याही घरातल्या बहिणीने एव्हाना आरसा अंगणात फेकला असता!

13 मार्च 1781 ची रात्र. बाथमधल्या घरामागच्या बागेत हर्शेल सात फुटी दुर्बिणीतून जोडतारे शोधत होता. आरसा सहा इंचांहून थोडा मोठा, आयपीस 227 पटीचा. वृषभ आणि मिथुन यांच्या सीमेवर एक तारा त्याला शेजाऱ्यांपेक्षा जाडसर वाटला. इथे दुसरा कुणी पुढे सरकला असता. हर्शेलने आयपीस बदलला. 460 पट लावली, मग 932. खरा तारा इतका दूर असतो, की पट वाढवूनही तो जवळजवळ बिंदूच राहतो. हा मात्र पटीच्या प्रमाणात फुगत गेला, आणि 932 ला त्याच्या कडा धूसर झाल्या. तेवढ्या लहान आरशाला ही पट झेपणारी नव्हतीच; आजच्या ठोकताळ्याने त्याची मर्यादा तीनशेच्या आसपास येते. पण हर्शेलला त्या क्षणी सुंदर चित्र नको होते. ही वस्तू तारा आहे की नाही, एवढेच त्याला हवे होते, आणि धूसर चित्राने ते सांगितले.

त्याला तो धूमकेतू वाटला. चार दिवसांनी पाहतो तो त्याने जागा बदललेली. नंतर लेक्सेल या गणितज्ञाने कक्षा मांडली, तेव्हा ती जवळजवळ वर्तुळाकार आणि शनीच्या कितीतरी पलीकडची निघाली. नवा ग्रह! फ्लॅमस्टीडने 1690 मध्येच हा ग्रह पाहिला होता, आणि वृषभेतला चौतिसावा तारा म्हणून यादीत नोंदवूनही टाकला होता.

कौतुकाबरोबर संशयही आला. आपल्याकडे सहा हजार पटीहून मोठे आयपीस आहेत असे हर्शेल म्हणे, आणि लंडनच्या विद्वानांना ही बाथच्या संगीतशिक्षकाची बढाई वाटे. त्याची सारी पत पणाला लागली होती. 1782 मध्ये तो दुर्बीण घेऊन ग्रिनिचच्या वेधशाळेत गेला. तिथल्या दुर्बिणींपेक्षा त्याची सरस ठरली, आणि कुजबुज बरीचशी थांबली. राजाने वर्षाला 200 पौंड दिले. संगीतातली कमाई याहून अधिक होती, तरी त्याने शिकवण्या सोडल्या.

खरी गंमत यापुढची. एवढे जबर आयपीस बाळगणाऱ्या या माणसाने आयुष्यातले सर्वांत मोठे काम केले ते 157 पटीच्या आयपीसने. वीस फुटी दुर्बिणीने तो रात्रीमागून रात्री आकाश पट्ट्यापट्ट्यांनी झाडून काढी. तेजोमेघ अंधूक आणि पसरट असतात, त्यांना मोठी पट लावली तर ते विरूनच जातात. शिवाय पाहायला आकाशाचा रुंद तुकडा लागतो. आयपीसमध्येही तो शक्यतो एकच भिंग वापरी. जोडभिंगांत प्रकाश वाया जातो, असा त्याचा अनुभव होता. तो दुर्बिणीपाशी उभा राहून सांगे आणि कॅरोलिन घड्याळ पाहून लिहून घेई. 1783 च्या अखेरच्या रात्री बर्फात घसरून दुर्बिणीच्या लोखंडी आकड्यात तिचा पाय अडकला आणि मांसाचा लचका निघाला. पण काम थांबले नाही. यातून सुमारे अडीच हजार तेजोमेघ आणि तारकागुच्छांच्या याद्या तयार झाल्या.

म्हणून मित्रांना माझे सांगणे असे. साठ मिलिमीटरच्या स्कोपला वीसपटीचा आयपीस लावला, तर डोळ्यात तीन मिलिमीटर जाडीचा प्रकाशझोत येतो. साठपटीला तो एकच मिलिमीटर उरतो. सकाळी दहानंतर पाणथळीवरची हवा तापून नाचू लागली, की साठपटीत रोहितही थरथरतो. रोजच्या वापराला वीस ते तीसपटीचा, रुंद दृश्याचा एकच आयपीस मी पसंत करतो. मोठी पट हाताशी असावी, पण कडेवरच्या पिसाचा रंग कोणता, अशा एखाद्या नेमक्या शंकेपुरतीच. पट बदलणाऱ्या झूम आयपीसची सोय मोठी, मात्र कमी पटीवर त्यांतून दिसणारे क्षेत्र बहुधा अरुंदच असते. आणि चश्मा लावणाऱ्याने पटीआधी, डोळा किती दूर ठेवून पूर्ण चित्र दिसते, ते दुकानातच पाहून घ्यावे.

1789 मध्ये हर्शेलची चाळीस फुटी दुर्बीण उभी राहिली, चार फूट व्यासाच्या आरशाची. तिला पाहायला राजेरजवाडे येत. शनीचे दोन चंद्र त्या वर्षी सापडले, पण आरसा काळवंडे, दुर्बीण हलवायला माणसे लागत, आणि हर्शेल पुन्हा आपल्या वीस फुटीकडेच वळे. 25 ऑगस्ट 1822 रोजी तो स्लाव येथे वारला, चौऱ्याऐंशीव्या वर्षी. त्यानंतर कॅरोलिन हॅनोव्हरला परतली. तिच्या नावावर आठ धूमकेतू जमा होते. 1833 च्या अखेरीस मुलगा जॉन दक्षिण आफ्रिकेच्या केपला निघाला, तो वीस फुटी दुर्बीण घेऊन. बापाला इंग्लंडमधून कधीच न दिसलेले दक्षिणेचे आकाश त्याने तिथे चार वर्षे पाहिले.