अरण्यातील साधक

बुद्धिबळाच्या पटावर चौसष्ट घरे असतात. दोन खेळाडू समोरासमोर बसतात आणि एकमेकांवर मात करण्याचा प्रयत्न करतात. हा खेळ आपल्या परिचयाचा आहे. परंतु याच पटावर आणखी एक विद्या नांदते. एखादा मनुष्य एकटाच पटापुढे बसतो, मोजकी मोहरी विचारपूर्वक मांडतो आणि या स्थितीतून पांढऱ्याने कसे जिंकावे, किंवा हातचा गेलेला डाव बरोबरीत कसा सोडवावा, असा प्रश्न निर्माण करतो. त्या प्रश्नाला उत्तर एकच असावे आणि ते सहजासहजी सापडू नये, असा या रचनांचा दंडक आहे. या विद्येला ज्यांनी आधुनिक रूप दिले, त्यांत अलेक्सेई त्रॉइत्स्की यांचे नाव अग्रभागी आहे.

त्रॉइत्स्की यांचा जन्म १८६६ साली रशियातील सेंट पीटर्सबर्ग या नगरात झाला. तेथील वनविद्येच्या संस्थेत ते शिकले. त्या काळी मिखाइल चिगोरिन हे रशियाचे सर्वश्रेष्ठ बुद्धिबळपटू होते आणि वृत्तपत्रात बुद्धिबळावर लिहीत असत. या तरुणाची बुद्धी त्यांनी ओळखली. १८९५ साली चिगोरिन यांच्या सदरात त्रॉइत्स्की यांच्या रचना प्रसिद्ध होऊ लागल्या.

शिक्षण संपल्यावर वनाधिकारी म्हणून त्यांची नेमणूक स्मोलेन्स्क प्रांतातील दूरच्या अरण्यात झाली. राजधानीतील खेळाडूंची संगत सुटली. सामने नाहीत, चर्चा नाही, वाहवा करणारे कोणी नाही. अशा एकांतात पुष्कळांची विद्या गंजून जाते. त्रॉइत्स्की यांच्याही रचना काही वर्षे छापून येईनाशा झाल्या. पण त्यांनी पट मिटून ठेवला नाही. १९०६ पासून एका जर्मन नियतकालिकात त्यांचे लेखन येऊ लागले, आणि या वनाधिकाऱ्याने किती खोलवर विचार केला आहे, हे जगाला कळले.

त्यांनी हाती घेतलेला एक प्रश्न विशेष प्रसिद्ध आहे. एका बाजूला राजा व दोन घोडे आहेत आणि दुसऱ्या बाजूला केवळ एकटा राजा आहे. बलवान कोण, हे सांगायला नको. तरीही एकट्या राजाने सावधपणे खेळ केला, तर दोन घोड्यांना त्याच्यावर मात लादता येत नाही. ते त्याला कोपऱ्यात कोंडतात. परंतु शह नसताना त्याला चालच उरली नाही, तर नियमाप्रमाणे डाव बरोबरीत सुटतो. आता त्या एकट्या राजाला साहाय्य म्हणून एक प्यादे द्या. त्याचे बळ वाढले असे कोणालाही वाटेल. घडते मात्र उलटेच! एक घोडा आधी त्या प्याद्याची वाट अडवतो. दुसरा घोडा आणि राजा मिळून शत्रूच्या राजाला कोंडतात. मग पहिला घोडा वाट सोडून मदतीला धावतो. कोंडलेल्या राजाला हलता येत नाही, पण प्याद्याला चालता येते. म्हणून खेळणे भाग पडते, आणि तेवढ्या अवधीत मात होते. जे साहाय्य म्हणून मिळाले, तेच घातास कारण होते.

ही युक्ती त्रॉइत्स्की यांच्यापूर्वीही जाणत्यांना ठाऊक होती. परंतु प्यादे कोठपर्यंत पुढे आलेले असता विजय हमखास मिळतो, हे कोणी नीट सांगितले नव्हते. त्रॉइत्स्की यांनी स्थितीमागून स्थिती तपासली. काही स्थितींत विजयासाठी पन्नासाहून अधिक चाली लागतात. त्यांतील प्रत्येक चालीला शत्रूजवळ कोणते उत्तर आहे, हे त्यांनी केवळ पट आणि आपली बुद्धी यांच्या आधारे शोधून काढले. प्याद्याची जी सीमा त्यांनी आखून दिली, तिला आज त्रॉइत्स्की रेषा असे म्हणतात.

१९२४ साली बर्लिन येथे त्यांच्या पाचशे रचनांचा संग्रह प्रसिद्ध झाला. १९२८ साली त्यांना कलावंतास द्यावयाचा शासकीय सन्मान मिळाला. बुद्धिबळाची रचना ही कला आहे, असे मानून दिलेला तो सन्मान होता.

त्यांच्या जन्मनगरास आता लेनिनग्राड हे नाव पडले होते. दुसऱ्या महायुद्धात, सप्टेंबर १९४१ मध्ये, जर्मन सैन्याने या नगरास वेढा घातला. उत्तरेची बाजू फिनलंडच्या सैन्याने रोखली होती. अन्नाचा मार्ग जवळजवळ तुटला. त्या हिवाळ्यात बहुसंख्य नागरिकांच्या वाट्यास दिवसाला अवघा १२५ ग्रॅम पाव येत असे, आणि त्यातही भेसळ असे. लक्षावधी माणसे उपासमारीने मेली. त्रॉइत्स्की त्याच नगरात होते. ऑगस्ट १९४२ मध्ये, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, भुकेने त्यांचा अंत झाला. त्यांची टिपणेही त्या वेढ्यात नष्ट झाली.

परंतु जे छापले गेले होते, ते उरले. पुढे कित्येक दशकांनी संगणकाच्या साहाय्याने दोन घोड्यांच्या त्या प्रश्नाची संपूर्ण तपासणी झाली. यंत्राने क्षणात अगणित स्थिती चाळल्या आणि त्रॉइत्स्की यांचे निष्कर्ष आश्चर्यकारकरीत्या अचूक असल्याचे दिसून आले.

ज्या फिनलंडचे सैन्य त्यांच्या नगराच्या उत्तरेस उभे होते, त्या देशातही बुद्धिबळाच्या रचना करणाऱ्यांचा आणि सोडवणाऱ्यांचा संघ आहे. रशियातही असे रसिक आहेत आणि इतर अनेक देशांतही आहेत. त्यांना एकमेकांची भाषा येवो अथवा न येवो, पटावरची मांडणी सर्वांनाच वाचता येते. त्रॉइत्स्की यांनी मांडलेली मोहरी पुढे ठेवून आजही कोणी पहिली चाल शोधू लागला, की अरण्यातील त्या एकाकी साधकाशी त्याची गाठ पडते.