पंडिता रमाबाई : सत्कर्म आणि अंतःपरिवर्तन

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचे चरित्र अभ्यासताना विद्यार्थ्यांनी धर्मांतर आणि अंतःपरिवर्तन या दोन संज्ञांतील भेद ध्यानात घ्यावा. संस्कृत विद्येच्या बळावर १८७८ मध्ये कोलकात्यात पंडिता व सरस्वती या उपाधी मिळविलेल्या रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. समाजाने पतित ठरविलेल्या स्त्रियांची ख्रिस्ती भगिनी करीत असलेली सेवा पाहून त्या भारावल्या. त्याच वर्षी वाँटेज येथे कन्या मनोरमेसह त्यांनी बाप्तिस्मा घेतला. सत्कर्मांनीच त्यांना ख्रिस्ती धर्माकडे नेले होते.

मात्र सुमारे आठ वर्षांनी, पुण्यात शारदा सदन चालवीत असताना, आपण धर्म स्वीकारला, पण ख्रिस्त स्वीकारला नाही, अशी जाणीव त्यांना झाली. तारण सत्कर्मांच्या मोबदल्यात मिळत नाही. ती ईश्वराची कृपा असून पश्चात्तापाने व श्रद्धेने ती ग्रहण करावी लागते, या निष्कर्षाप्रत त्या आल्या. या श्रद्धेची किंमतही त्यांना मोजावी लागली. सदनातील विद्यार्थिनींवर ख्रिस्ती प्रभाव पडतो, या आक्षेपावरून १८९३ मध्ये न्या. रानडे, डॉ. भांडारकर प्रभृती सल्लागारांनी सदनाशी संबंध तोडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

तथापि कृपेवर भर देणे म्हणजे कर्माचा त्याग करणे नव्हे. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातील निराधार स्त्रियांना व मुलींना रमाबाईंनी आणून आश्रय दिला. त्यातूनच केडगावचे मुक्ती सदन उभे राहिले. सत्कर्म हे तारणाचे कारण नसून त्याचे फळ होय, हा विचार त्यांच्या उत्तरायुष्यात कृतीत उतरलेला दिसतो.