चर्चच्या जीर्णोद्धाराला वाहिलेले आयुष्य : सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट

रत्नागिरीच्या महाविद्यालयातून पदवी घेणारा विद्यार्थी मुंबई विद्यापीठाचा पदवीधर असतो. त्या विद्यापीठाची ओळख ठरलेला राजाबाई टॉवर आणि शेजारचे दीक्षान्त सभागृह त्याने निदान छायाचित्रात तरी पाहिलेले असते. या वास्तूंचे आराखडे करणारे सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट मात्र कधीच भारतात आले नाहीत. त्यांची हयात गेली ती प्रामुख्याने इंग्लंडमध्ये नवी चर्च बांधण्यात आणि जुन्या चर्चचा जीर्णोद्धार करण्यात. या जीर्णोद्धारानेच त्यांना कीर्ती मिळवून दिली आणि अखेरच्या वर्षांत कठोर टीकेचे धनीही केले.

स्कॉट यांचा जन्म १३ जुलै १८११ रोजी बकिंगहॅमशायरमधील गॉकॉट या खेड्यात झाला. वडील धर्मोपदेशक होते. लहानपणी आसपासच्या जुन्या चर्चची रेखाटने करण्याचा मुलाला छंद जडला. हा ओढा पाहून वडिलांनी त्याला १८२७ मध्ये लंडनच्या एका वास्तुविशारदाकडे उमेदवारीस पाठविले. व्यवसायाचा आरंभ मात्र चर्चने नव्हे, तर गोरगरिबांसाठी बांधल्या जाणाऱ्या सरकारी आश्रयगृहांनी झाला. विल्यम मॉफट या भागीदारासह त्यांनी अशा चाळीसहून अधिक इमारती उभारल्या. पुढे प्युजिन यांचे लेखन वाचून ते गॉथिक शैलीकडे वळले. टोकदार कमानी, उंच मनोरे, दगडातील नक्षी आणि रंगीत काचांच्या खिडक्या ही या शैलीची वैशिष्ट्ये.

१८४२ च्या भीषण आगीत जर्मनीतील हॅम्बुर्गचे सेंट निकोलस चर्च भस्मसात झाले. नव्या चर्चसाठीच्या स्पर्धेतून स्कॉट यांची योजना स्वीकारली गेली. १८७४ मध्ये पूर्ण झालेला त्याचा १४७ मीटर उंचीचा मनोरा सुमारे दोन वर्षे जगातील सर्वांत उंच वास्तू होता. १९४३ च्या बॉम्बहल्ल्यांत चर्च उद्ध्वस्त झाले. पण मनोरा उभा राहिला आणि आज तो युद्धस्मारक आहे.

त्या काळी इंग्लंडमधील अनेक मध्ययुगीन चर्चची छपरे गळत होती, पाये खचले होते. १८४७ मध्ये ईली कॅथेड्रलचे काम स्कॉट यांच्याकडे आले. १८४९ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबेच्या देखरेखीची जबाबदारी मिळाली. लिचफिल्ड, हेरफर्ड, सॉल्झबरी अशी कामे वाढत गेली. सेंट ऑल्बन्सचा कोसळू पाहणारा मनोरा त्यांनी १८७० मध्ये सावरला. नव्या व दुरुस्त केलेल्या मिळून आठशेहून अधिक वास्तू त्यांच्या नावावर आहेत. पहाटेच्या गाडीने कुठल्याशा गावी पोहोचल्यावर आपण येथे कशासाठी आलो, अशी तार त्यांनी आपल्याच कार्यालयाला केल्याची आख्यायिका सांगितली जाते.

इतक्या व्यापात एक मूलभूत प्रश्न मागे पडला. मध्ययुगीन चर्च एका दमात बांधलेले नसते. पिढ्यान्‌पिढ्या त्यात भर पडत जाते. मग ते मूळ रूपात आणायचे म्हणजे कोणत्या शतकात न्यायचे? जुने अवशेष निष्ठेने जपावेत, असे आवाहन करणारे पुस्तक स्कॉट यांनीच १८५० मध्ये प्रसिद्ध केले होते. प्रत्यक्षात मात्र ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्चमध्ये त्यांनी पूर्वेची जुनी मोठी खिडकी काढून त्याहून प्राचीन वाटेल अशी नवी रचना बसविली. १८७७ मध्ये ट्यूक्सबरी ॲबेच्या त्यांच्या कामाविरुद्ध विल्यम मॉरिस यांनी जाहीर निषेध नोंदविला. त्यातूनच प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था स्थापन झाली. नित्य देखभाल करून पडझड रोखावी, नव्याला जुन्याचे सोंग देऊ नये, ही तिची भूमिका आज जगभरच्या वास्तुसंवर्धनाचा पाया मानली जाते. २७ मार्च १८७८ रोजी स्कॉट यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबेतच त्यांचे दफन करण्यात आले.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राजाबाई टॉवर पूर्ण झाला. प्रेमचंद रायचंद यांनी देणगी देऊन त्याला आपल्या आईचे नाव दिले होते. १८७४ चे दीक्षान्त सभागृह तर आतून चर्चच वाटते. त्याच्या वर्तुळाकार खिडकीत बारा राशी आहेत. टॉवरचा जीर्णोद्धार २०१५ मध्ये पूर्ण झाला आणि २०१८ मध्ये हा परिसर जागतिक वारसा यादीत गेला.

काळाने स्कॉट यांच्या कामालाही तोच न्याय लावला. हेरफर्ड कॅथेड्रलसाठी त्यांनी १८६२ मध्ये घडविलेला धातूचा भव्य नक्षीदार पडदा १९६७ मध्ये नकोसा म्हणून काढण्यात आला. आज तो लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जपून ठेवला आहे.

कोकणातही गावोगावी देवळांचे जीर्णोद्धार होत असतात. अनेक ठिकाणी जांभ्याच्या भिंती, कोरीव लाकडी खांब आणि कौलारू छप्पर उतरवून सिमेंटचा स्लॅब घातला जातो. गावकऱ्यांची श्रद्धा स्कॉट यांच्याइतकीच प्रामाणिक असते. परंतु उतरविलेला खांब पुन्हा तसा घडविता येत नाही. काम काढण्यापूर्वी गळके कौल बदलून भागते का, एवढे तरी पाहायला हवे.