मोगलीची माय

भगिनींनो,

यंदाच्या स्मरणिकेत तुम्ही काहीतरी लिहिलेच पाहिजे, असे आपल्या चिटणीसबाईंनी मला तीनदा बजावले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. त्यानंतर हातात पेन आले ते किराण्याच्या यादीपुरते आणि बचत गटाच्या वहीपुरते. त्यामुळे लोणच्याची कृती लिहून मोकळे व्हावे असे मनात होते. पण उन्हाळ्यात एका लहान मुलीने मला एक प्रश्न विचारला, आणि त्याचे उत्तर शोधता शोधता एका मोठ्या माणसाचे चरित्र हाती लागले. तेच आज तुमच्यापुढे ठेवते. चुकलेमाकले सांभाळून घ्यावे.

आपल्याला आठवतच असेल, मे महिन्यात मंडळाने मुलांना पडद्यावर ‘जंगल बुक’ हा २०१६ सालचा हिंदी बोलणारा चित्रपट दाखवला. त्यात शेरखान वाघाला आपल्या नाना पाटेकरांचा आवाज आहे, भालू अस्वलाला इरफान खान यांचा आणि बघीऱ्याला ओम पुरी यांचा. मुले अगदी रंगून गेली होती. चित्रपट संपल्यावर सतरंज्या गुंडाळताना पहिलीतली एक पोर माझ्याजवळ आली आणि मोगलीची माय कुठं गेली, असे विचारू लागली. मी म्हटले, ती लांडगीण होती ना! ती म्हणाली, ती नाही, खरी माय. मला उत्तर देता आले नाही. घरी येऊन मुलीला विचारले. ती कॉलेजात शिकते. तिने मूळ इंग्रजी पुस्तक आणि ते लिहिणाऱ्याचे चरित्र मिळवले, आणि संध्याकाळी स्वयंपाक करता करता मला मराठीत सांगत गेली. तेव्हा समजले की ही गोष्ट रचणारा रुडयार्ड किपलिंग हा साहेब असला तरी जन्माने मुंबईकर होता.

त्याचा जन्म ३० डिसेंबर १८६५ चा. वडील जॉन लॉकवूड किपलिंग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिल्पकला शिकवीत. क्रॉफर्ड मार्केटच्या, म्हणजे आताच्या महात्मा फुले मंडईच्या, दर्शनी भागावर दगडात कोरलेली कष्टकऱ्यांची चित्रे आहेत, ती त्यांच्याच कल्पनेतली. कलाशाळेच्या आवारातच त्यांचा बंगला होता. त्याच जागी पुढे बांधलेला बंगला आजही किपलिंगच्या नावाने ओळखला जातो. रुडयार्डला सांभाळायला गोव्याकडची एक ख्रिस्ती आया होती आणि मीता नावाचा हिंदू गडी होता. आया त्याला सकाळी फळबाजारातून फिरवून आणी, वाटेतल्या क्रुसापाशी थांबे. मीता बोट धरून देवळात नेई. झोपताना गोष्टी सांगत त्या याच दोघांनी. पोराच्या तोंडी नोकरमाणसांची भाषा इतकी बसली होती की, आईबापांसमोर जाताना आता इंग्रजी बोल अशी त्याला आठवण करून द्यावी लागे.

एवढ्या मोठ्या माणसाला मी अरेतुरे करते आहे, पण आईच्या नजरेने पाहिले की मोठा माणूसही लहानच दिसतो.

त्या काळी हिंदुस्थानातल्या इंग्रजांची एक रीत होती. मूल पाचसहा वर्षांचे झाले की त्याला विलायतेला धाडायचे. इथल्या उन्हाची आणि तापाची धास्ती होतीच. शिवाय मूल इथल्यासारखेच होऊन जाईल ही धास्तीही होती. १८७१ साली रुडयार्ड आणि तीन वर्षांची धाकटी बहीण ॲलिस यांना आईबाप इंग्लंडला घेऊन गेले. साउथसी या गावी हॉलोवे नावाच्या कुटुंबात पैसे देऊन त्यांना ठेवले आणि स्वतः हिंदुस्थानात परतले. इथेच राहायचे आहे हे मुलांना नीट समजावूनही सांगितले नव्हते.

त्या घरात तो सहा वर्षांच्या आसपास राहिला. घरधनी कॅप्टन प्रेमळ होता, पण तो लवकरच वारला. घरधनीण कडक होती. बारीकसारीक गोष्टींवरून उलटतपासणी, मार, नरकाची भीती, आणि तिच्या मुलाचा छळ वेगळाच. एकदा तर तो खोटारडा आहे अशी पाटी पाठीवर लावून त्याला शाळेत पाठवले. तळघरातल्या खोलीत तो एकटाच खेळे. खेळ म्हणजे दोरीत ओवलेली नारळाची करवंटी, एक पत्र्याची पेटी आणि खोक्याची फळी. तेवढ्याचे कुंपण करून तो आपले वेगळे राज्य मांडी.

दर डिसेंबरात महिनाभर तो लंडनला मावशीकडे जाई. तो महिना त्याचा स्वर्ग. त्या मावशीच्या दाराची घंटा ओढायची लोखंडी कडी त्याने पुढे स्वतःच्या घराला मागून आणून लावली. आपण ती ओढताना जसे सुखावत होतो तसे येणारी मुलेही सुखावतील, असे त्याला वाटे. पण त्या मावशीलाही त्याने कधी काही सांगितले नाही. मोठेपणी लोक त्याला याचे कारण विचारत. तो समजावी की लहान मूल जनावरासारखे असते. जे वाट्याला आले ते तसेच असायचे असे धरून चालते, म्हणून तक्रार करायची असते हेच त्याला ठाऊक नसते.

हे ऐकले आणि माझा तव्यावरचा हात थांबला. बैलाच्या खांद्याला जू घासून जखम होते, तरी तो बोलत नाही. आपण वशिंडाजवळ हात फिरवला तरच कळते.

भगिनींनो, इथे घरची एक गोष्ट सांगते. माझा धाकटा सात वर्षांचा असताना चांगल्या शिक्षणाच्या हौसेने आम्ही त्याला एका मोठ्या गावी शाळेच्या वसतिगृहात ठेवले. फोनवर विचारले की बरा आहे म्हणे. दिवाळीला आला. पहिल्या दिवशी ताटावर बसला आणि दुसरी भाकरी घेण्याआधी माझ्या तोंडाकडे पाहू लागला. पाणी प्यायचे तरी विचारून पिई. आपल्याच घरात! तिथे काय झाले ते त्याने आजवर धड सांगितलेले नाही, मीही खोदून विचारलेले नाही. त्याला परत पाठवले नाही, एवढेच केले. तो आता गावातच शिकतो आणि तीन भाकरी न विचारता खातो.

रुडयार्डची नजर अधू झाली होती, तब्येत ढासळली होती. १८७७ साली आई आली. पहिल्या रात्री ती पापा घ्यायला वाकली तेव्हा मार चुकवावा तसा त्याने हात आडवा धरला. त्या माउलीला त्या वेळी काय वाटले असेल, ते लिहायला माझ्यापाशी शब्द नाहीत.

पुढचे आयुष्य भराभर सांगते. सतरा वर्षांचा होण्याआधीच, १८८२ मध्ये, तो परत मुंबई बंदरात उतरला. बालपणी सोडलेली बोली आपोआप तोंडातून बाहेर पडू लागली, पण अर्थ मात्र आठवेना. मग लाहोरला आणि अलाहाबादला वर्तमानपत्रांत सात वर्षे नोकरी. १८९२ साली लग्न करून तो अमेरिकेत बायकोच्या माहेरगावाजवळ एका लहानशा घरात राहू लागला. त्या हिवाळ्यात खिडकीपर्यंत बर्फ साचले होते आणि बायकोला दिवस गेले होते. अशा थंडीत बसून त्याने मध्य प्रदेशातल्या सिवनीच्या तापलेल्या रानाची गोष्ट लिहिली. २९ डिसेंबर १८९२ ला मुलगी झाली, तिचे नाव जोसेफिन. ‘जंगल बुक’ १८९४ साली निघाले, दुसरा भाग १८९५ साली.

सिवनी म्हणजे आपल्या नागपूरच्या पलीकडचीच. पुस्तकात लांडग्यांच्या रानाजवळून वाहते ती वैनगंगा, आपल्या भंडारा-गडचिरोलीची. आपल्या मेहकरावरून पैनगंगा वाहते. ती वर्धा नदीला मिळते आणि वर्धा पुढे वैनगंगेला. म्हणजे आपले पाणी मोगलीच्या पाण्याला जाऊन मिळते. नावेही आपल्या कानांची: भालू, हाथी, चील, बंदरलोग. आणि त्याच पुस्तकातल्या दुसऱ्या गोष्टीतल्या मुंगसाला इंग्रजीत जो शब्द आहे, तो तर आपल्या मराठी मुंगसावरूनच गेलेला आहे.

त्या पोरीच्या प्रश्नाचे उत्तर मूळ पुस्तकात आहे. मोगली रानातून गावात येतो तेव्हा मेसुआ नावाची बाई त्याला जवळ घेते. तिचा नथू वाघाने नेलेला असतो. हाच तो की नाही, हे तिलाही नक्की ठरवता येत नाही, पण ती त्याला दूध देते, भाकर देते. मोगली म्हशी राखतो, त्याच म्हशींच्या पायांखाली शेरखानला मारतो. मग हा चेटक्या आहे म्हणून गावकरी त्याला दगड मारून हाकलतात. लांडग्यांनी तर आधीच घालवलेले असते. एक आई रानात, एक गावात, आणि पोराला घर मात्र कुठेच नाही. साउथसीच्या तळघरात करवंटीशी खेळणारे पोर ते हेच, असे मला वाटते.

जोसेफिनला तो झोपताना प्राण्यांच्या गोष्टी सांगे. त्यातला एकही शब्द बदललेला तिला खपत नसे, तो लगेच दुरुस्त करावा लागे. १८९९ साली न्यूयॉर्कला बापलेक दोघेही न्यूमोनियाने आजारी पडले. बाप वाचला, सहा वर्षांची लेक गेली. तो इतका अत्यवस्थ होता की ती गेल्याचे त्याला बरेच दिवस सांगितले नव्हते. तिच्यासाठी रचलेल्या गोष्टींचे पुस्तक १९०२ साली निघाले. १९०७ मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. इंग्रजीत लिहिणारा ते मिळवणारा तो पहिलाच.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हा माणूस साम्राज्याचा कट्टर अभिमानी होता. हिंदी लोकांनी आपले राज्य आपण करावे हे त्याला मान्य नव्हते. १९१९ साली जालियनवाला बागेत गोळ्या घालणाऱ्या डायरसाठी जो फंड उभा राहिला, त्यालाही त्याने पैसे दिले. मुलीने हे सांगितले तेव्हा मी ते पुस्तक मिटायला लावले आणि दोन दिवस उघडू दिले नाही. ज्या मातीतल्या आयेने आणि गड्याने त्याला गोष्टी दिल्या, त्याच मातीतल्या माणसांबद्दल ही बुद्धी! त्याच्या एकुलत्या मुलाची, जॉनचीही, नजर अधू म्हणून पलटणीत निवड होईना. बापाने ओळख लावून त्याला भरती केले. १९१५ च्या सप्टेंबरात फ्रान्समध्ये लूसच्या लढाईत तो पडला. तेव्हा तो नुकताच अठरा वर्षांचा झाला होता. बापाच्या हयातीत त्याचा देहसुद्धा सापडला नाही. लहानपणी ज्याने इतके सोसले त्याने मोठेपणी असे का करावे, याचा उलगडा मला झालेला नाही. सोसलेले माणूस शहाणेच होते असे नाही, एवढेच म्हणते.

१८ जानेवारी १९३६ ला तो वारला. दुसऱ्याच वर्षी त्याच्या हत्तीच्या गोष्टीवर ‘एलिफंट बॉय’ हा चित्रपट निघाला. त्यात म्हैसूरकडच्या एका माहुताचा मुलगा साबू होता. १९४२ च्या ‘जंगल बुक’मध्ये तोच मोगली झाला. १९६७ साली डिस्नेचा नाचगाण्यांचा चित्रपट आला. त्यात पुस्तकात मोगलीला वाचवणारा अजगर वैरी करून टाकला आणि पुस्तकात नसलेला एक वानरराजा आणला. आमच्या पिढीने पाहिले ते दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागणारे जपानी चित्रांचे मोगली. गुलजारांचे गाणे त्याचेच. आपण पाहिलेला २०१६ चा चित्रपट तर सारा अमेरिकेतल्या स्टुडिओत झाला. मुलगा तेवढा खरा, रान आणि जनावरे संगणकाची. तरी लांडगीण आईची माया त्यात चांगली दाखवली आहे. मेसुआ मात्र नाही. २०१८ च्या ‘मोगली’ चित्रपटात ती पुन्हा दिसते. ते काम मुंबईच्या फ्रीडा पिंटोने केले आहे.

चित्रपट वाईट आहेत असे मी म्हणत नाही. मुले हसली, वाघाला घाबरली, आनंद झाला. पण दोन तासांत सगळे गोड करताना त्या पोराचे पोरकेपण बाजूला राहते. पहिलीतल्या मुलीला जे खटकले, ते आम्हा मोठ्यांच्या ध्यानातही आले नाही. जोसेफिन असती तर तिनेही लगेच अडवले असते.

त्या मुलीला मी आता उत्तर दिले आहे. मोगलीला गावात माय होती, तिने त्याला दूध दिले, आणि गावाने त्याला राहू दिले नाही, असे सांगितले. तिने थोडा विचार केला आणि ते गाव वाईट, असे म्हणून ती खेळायला पळाली.

तेव्हा माझ्या दोन सूचना आहेत. पुढल्या उन्हाळ्यात चित्रपट जरूर दाखवावा, पण आदल्या दिवशी आपल्यापैकी एकीने मूळ गोष्ट मुलांना तोंडी सांगावी. आणि दुसरी: आपल्या गावात बाहेरगावची किती तरी मुले शिकायला येऊन राहतात. जूनमध्ये आईबाप सोडून जातात तेव्हा रस्त्यावर त्यांचे चेहरे आपण पाहतोच. त्यांची सोय उत्तम असली तरी माय जवळ नसते. एखाद्या रविवारी, वडील मंडळींच्या परवानगीने, प्रत्येकीने एका मुलाला जेवायला बोलवावे. बरा आहेस ना, असे विचारून थांबू नये. मूल बरा आहे असेच सांगते. त्याच्या ताटात न विचारता दुसरी भाकरी वाढावी आणि तो ती कशी घेतो, तेवढे पाहावे.

मंडळाची एक सभासद,
हिवरा आश्रम