नमाजाच्या वेळा काढणं ही त्याची नोकरी होती, पण त्याचं चंद्राचं गणित थेट कोपर्निकसशी जुळलं

रमजानमध्ये एक गोष्ट तुमच्याही लक्षात आली असेल. नागपुरात रोजा सोडून झालेला असतो, तेव्हा मुंबईत लोक अजून अजानची वाट बघत असतात. घड्याळ दोन्हीकडे एकच आहे, पण सूर्य नागपुरात साधारण २५ मिनिटं आधी मावळतो. म्हणूनच नमाजाच्या वेळा गावागावाप्रमाणे बदलतात.

आज हा हिशोब मोबाईलमधलं ॲप करतं. साडेसहाशे वर्षांपूर्वी सीरियातल्या दमास्कस शहरात या कामासाठी मशिदीत खास माणूस असायचा. त्याला मुवक्कित म्हणायचे, म्हणजे वेळ ठरवणारा. या कामात ज्याचं नाव सगळ्यात मोठं झालं, तो होता इब्न अल-शातिर.

त्याचा जन्म १३०४ च्या सुमारास दमास्कसमध्येच झाला. वडील लहानपणीच वारले. नातेवाइकांनी त्याला वाढवलं आणि हस्तिदंताच्या जडावकामाची कला शिकवली. पण त्याचा ओढा गणिताकडे आणि आकाशाकडे होता. त्यासाठी तो इजिप्तमध्ये कैरो आणि अलेक्झांड्रियाला जाऊन शिकला. परत आल्यावर दमास्कसच्या प्रसिद्ध उमय्यद मशिदीत तो मुख्य मुवक्कित झाला.

काम ऐकायला सोपं वाटतं, पण तसं ते नव्हतं.

फजरची वेळ पहाटे क्षितिजावर आडवा उजेड पसरू लागला की सुरू होते. जोहरची वेळ सूर्य माथ्यावरून ढळला की. मगरीब सूर्यास्तानंतर आणि इशा संधिप्रकाश पूर्ण विझल्यावर.

असरचं गणित सावलीवर चालतं. समजा, १ मीटरची काठी उभी केली आणि भर दुपारी तिची सावली अर्धा मीटर पडली. मग सावली दीड मीटर झाली की असर सुरू. हनफी पंथात मात्र ती अडीच मीटर व्हावी लागते. आपल्याकडे कोकणी मुसलमान बहुतांश शाफई आणि इतर बरेचसे हनफी, म्हणून महाराष्ट्रातसुद्धा असरच्या दोन वेळा सापडतात.

यातली एकही वेळ वर्षभर एका जागी थांबत नाही. आणि वेळेआधी पढलेली नमाज ग्राह्य धरली जात नाही. पहाटेची वेळ चुकली तर रोजाही चुकतो. म्हणजे मुवक्कितचं गणित चुकलं की फटका सगळ्या शहराला.

अल-खलीली नावाच्या त्याच्या सहकाऱ्याने दमास्कससाठी वेळांचे मोठे तक्ते तयार केले. इब्न अल-शातिरने उपकरणं बनवली. त्यातली एक म्हणजे वेळ आणि दिशा दोन्ही काढता येतील अशी छोटी पेटी.

१३७१-७२ मध्ये त्याने मशिदीच्या मिनारासाठी सावलीचं घड्याळ बनवलं. सुमारे २ मीटर लांब आणि १ मीटर रुंद अशी ती संगमरवरी शिळा होती. खरी गंमत तिच्या काट्यात होती. काटा सरळ उभा न ठेवता त्याने तो पृथ्वीच्या अक्षाला समांतर, म्हणजे दमास्कसच्या अक्षांशाइतका, साधारण ३३.५ अंशांत तिरका बसवला. त्यामुळे उन्हाळा असो की हिवाळा, तास सारख्याच लांबीचे दाखवता येत होते. असा काटा असलेलं हे आज माहीत असलेलं सगळ्यात जुनं घड्याळ मानलं जातं.

हिशोब आकाशाशी जुळलाच पाहिजे, ही शिस्त त्याने ग्रहांच्या अभ्यासातही सोडली नाही. टॉलेमीच्या जुन्या गणिताप्रमाणे चंद्र कधी कधी जवळजवळ दुप्पट मोठा दिसायला हवा होता. प्रत्यक्षात तसं कुणालाच दिसत नव्हतं. इब्न अल-शातिरने हे गणित बदलून चंद्राची नवी रचना मांडली.

१३७५ च्या सुमारास तो वारला. १५४३ मध्ये युरोपात कोपर्निकसचं पुस्तक आलं. १९५० च्या दशकात अभ्यासकांनी दोघांची गणितं शेजारी ठेवली, तेव्हा चंद्राची रचना जवळपास सारखीच निघाली. मोठा फरक असा, की कोपर्निकसने सूर्य मध्यभागी आणला, इब्न अल-शातिरची पृथ्वी मध्यभागीच राहिली. हे गणित युरोपात पोचलं की दोघांना स्वतंत्रपणे सुचलं, यावर आजही वाद आहे.

मिनारावरची ती शिळा १९ व्या शतकात दुरुस्त करताना फुटली. तेव्हाच्या मुवक्कितने तिची हुबेहूब प्रत बनवून तिथे बसवली. मूळ तुकडे दमास्कसच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत.

आता नमाजाचं ॲप तुमचं शहर विचारतं आणि असरसाठी हनफी की शाफई हेही विचारतं. अक्षांश, रेखांश आणि सूर्याची जागा, हिशोब अजूनही यांवरच चालतो.