विश्लेषण : थायरॉइडच्या आजाराला ज्यांचे नाव मिळाले, ते डॉ. हाशिमोटो कोण होते?

सततचा थकवा, वाढणारे वजन, गळणारे केस, उन्हाळ्यातही वाजणारी थंडी. रक्ततपासणीत टीएसएच वाढलेले, अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह. मग डॉक्टर एक जपानी नाव सांगतात, हाशिमोटो. हे नाव एका सर्जनचे आहे. आपल्या नावाचा आजार जगभर ओळखला जाईल, याची त्यांना हयातीत फारशी कल्पना नव्हती. या आजारात शरीराचे सैनिकच घरावर उलटतात, हेही त्यांना कळू शकले नाही. तरीही त्या हल्ल्याची पहिली तपशीलवार नोंद त्यांचीच.

डॉक्टरांच्या घराण्यातला मुलगा

हाकारू हाशिमोटो यांचा जन्म ५ मे १८८१ रोजी जपानमधील मिए प्रांतात, इगा भागातील एका खेड्यात झाला. वैद्यकी घराण्यातच होती. आजोबाही डॉक्टर होते. हाकारू यांनी क्युशू बेटावरील फुकुओका येथील वैद्यकीय महाविद्यालयातून १९०७ मध्ये पदवी घेतली. हेच महाविद्यालय पुढे क्युशू विद्यापीठाचा भाग झाले. पदवीनंतर ते तिथेच प्रा. हायारी मियाके यांच्या शस्त्रक्रिया विभागात रुजू झाले.

चार रुग्ण, एक वेगळी गोष्ट

थायरॉइड ही गळ्यातील फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी. तिचे संप्रेरक शरीराचा वेग ठरवते. ही ग्रंथी सुजली की गलगंड होतो. हाशिमोटो यांनी अशा चार रुग्णांच्या काढलेल्या ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या. चारही रुग्ण स्त्रिया होत्या.

त्यांना दिसलेले चित्र नेहमीच्या गलगंडाचे नव्हते. ग्रंथीत सर्वत्र लिम्फोसाइट, म्हणजे एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी पसरल्या होत्या. या पेशींचे गोलसर पुंजके तयार झाले होते. अशी रचना एरवी लसिका ग्रंथींत, म्हणजे काखेत किंवा जांघेत येणाऱ्या गाठींमध्ये आढळते. थायरॉइडच्या मूळ पेशी बदलल्या होत्या आणि मधल्या जागेत तंतुमय ऊती वाढल्या होत्या.

हाशिमोटो यांनी हा स्वतंत्र आजार असल्याचे मांडले. १९१२ मध्ये एका जर्मन शस्त्रक्रिया नियतकालिकात त्यांचा सुमारे ३० पानांचा लेख प्रसिद्ध झाला. तेव्हा ते जेमतेम तिशीत होते.

मग संशोधन का थांबले?

लेखानंतर ते पुढील अभ्यासासाठी जर्मनीतील गॉटिंगेन विद्यापीठात गेले. १९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटले आणि जर्मनी व जपान एकमेकांचे शत्रू झाले. हाशिमोटो यांना जर्मनी सोडावी लागली. इंग्लंडमार्गे ते मायदेशी परतले आणि इगामध्ये घराण्याचा दवाखाना सांभाळू लागले. संशोधक गावचा डॉक्टर झाला.

इकडे त्यांचा लेख मागे पडला. हा वेगळा आजार नसून रिडेल यांनी वर्णन केलेल्या दुसऱ्या थायरॉइड विकाराची सुरुवातीची अवस्था आहे, असे पाश्चात्त्य देशांतील अनेक डॉक्टरांचे मत होते. अमेरिकेतील क्लीव्हलँडचे अॅलन ग्रॅहॅम यांनी १९३१ मध्ये दोन्ही आजार वेगळे असल्याचे ठामपणे मांडले. हाशिमोटो यांच्याकडे त्यानंतर फार दिवस नव्हते. ९ जानेवारी १९३४ रोजी टायफॉइडने त्यांचे निधन झाले. वय अवघे ५२. टायफॉइडवर तेव्हा प्रतिजैविके नव्हती.

त्या पेशी तिथे काय करत होत्या?

या प्रश्नाचे उत्तर हाशिमोटो यांच्या काळात मिळणे अवघड होते. शरीर स्वतःवर हल्ला करणार नाही, हा जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिक यांच्या मांडणीतून रुजलेला समज तेव्हा प्रबळ होता. तो १९५६ मध्ये दोन ठिकाणी डळमळला. अमेरिकेतील बफेलो येथे नोएल रोझ आणि अर्नेस्ट विटेब्स्की यांनी सशांना सशांच्याच थायरॉइडचा अर्क टोचला. सशांच्या रक्तात त्याविरुद्ध प्रतिपिंडे, म्हणजे अँटीबॉडीज तयार झाल्या आणि ग्रंथीत लिम्फोसाइट शिरल्या. त्याच वर्षी लंडनमध्ये आयव्हन रॉइट, डेबोरा डोनियाक आणि सहकाऱ्यांना हाशिमोटोच्या रुग्णांच्या रक्तात थायरॉइडमधील प्रथिनाविरुद्धच्या अँटीबॉडीज सापडल्या. ४४ वर्षांपूर्वी नोंदलेल्या पेशी हल्लेखोर असल्याचा अर्थ आता लागू लागला.

पेशी नेमके काय करतात?

लिम्फोसाइटचे मुख्य प्रकार दोन, टी पेशी आणि बी पेशी. आपले कोण, परके कोण, हे टी पेशी ओळखतात. ही ओळख चुकली की मदतनीस टी पेशी थायरॉइडला परके समजून इतर पेशींना जागे करतात. मारक टी पेशी ग्रंथीच्या पेशी नष्ट करतात. बी पेशींपासून अँटीबॉडीज तयार होतात. अँटी-टीपीओ त्यांपैकीच एक. हल्ल्याला आवर घालणाऱ्या नियामक टी पेशीही असतात, पण इथे त्या कमी पडतात. ग्रंथी हळूहळू निकामी होते आणि संप्रेरक घटते.

टाइप १ मधुमेहात टी पेशी स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर असाच हल्ला करतात. ग्रेव्हज आजारात मात्र अँटीबॉडीज थायरॉइडला उलट जास्त काम करायला लावतात.

रुग्णांसाठी याचा अर्थ काय?

अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह आले म्हणजे ग्रंथी निकामी झालीच, असे नाही. काहींचे संप्रेरक अनेक वर्षे योग्य पातळीत राहते. त्यांना ठरावीक काळाने टीएसएच तपासणे पुरते. संप्रेरक कमी पडले, तर लेव्होथायरॉक्सिनची गोळी ते भरून काढते. ही गोळी हल्ला थांबवत नाही, म्हणून बहुतेकांना ती कायम घ्यावी लागते. बरे वाटले म्हणून ती मनाने बंद करू नये. पेशींची चुकलेली ओळख कायमची दुरुस्त करणारा उपचार मात्र अजून सापडलेला नाही.