अनंत पै: अकराव्या अंकापासून सुरू झालेली चित्रकथा

बंगळुरू शहराच्या पूर्वेकडील मारतहळ्ळी हा भाग आता माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील नोकरदारांची वस्ती म्हणून ओळखला जातो. देशाच्या अनेक राज्यांतून आलेल्या कुटुंबांबरोबरच पुणे, मुंबई, नागपूर, कोल्हापूर येथून नोकरीनिमित्त आलेली मराठी कुटुंबेही या परिसरात राहतात. घरात मराठी, शाळेत इंग्रजी आणि रस्त्यावर कन्नड अशा तीन भाषांत वाढणाऱ्या मुलांच्या हाती रामायण, महाभारत किंवा शिवचरित्र द्यायचे, तर पालकांना बहुधा 'अमर चित्र कथा' या मालेतील पुस्तकांची आठवण होते. या मालेची सुरुवात मुंबईत झाली, असे सर्वसाधारणपणे समजले जाते. मात्र तिचे पहिले दहा अंक बंगळुरूत, तेही कन्नड भाषेत निघाले होते, ही गोष्ट फारशी कोणाला माहीत नसते. इंग्रजी मालेतील 'कृष्ण' हा पहिला अंक असूनही त्यावर अकरा हा क्रमांक आहे, त्याचे कारण हेच.

या मालेला आकार देणारे संपादक अनंत पै यांचे जीवनही कर्नाटक आणि महाराष्ट्र या दोन राज्यांना जोडणारे आहे. १७ सप्टेंबर १९२९ रोजी कारकळ येथे त्यांचा जन्म झाला. हे गाव त्या वेळी मद्रास प्रांतातील दक्षिण कन्नड जिल्ह्यात होते, आता ते कर्नाटकातील उडुपी जिल्ह्यात आहे. त्यांची मातृभाषा कोकणी. वयाच्या दुसऱ्या वर्षापर्यंतच त्यांच्या आईवडिलांचे छत्र हरपले. बाराव्या वर्षी ते मुंबईत आले. माहीमच्या ओरिएंट शाळेत आणि नंतर विल्सन महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. पुढे मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागातून त्यांनी पदवी घेतली. या शिक्षणाच्या बळावर एखाद्या कारखान्यात चांगली नोकरी मिळणे त्या काळी अवघड नव्हते. परंतु पै यांचा ओढा छापील अक्षराकडे होता. १९५४ साली त्यांनी 'मानव' नावाचे मुलांचे मासिक काढले. ते चालले नाही.

त्यानंतर ते टाइम्स ऑफ इंडिया समूहाच्या पुस्तक विभागात नोकरीस लागले. मार्च १९६४ मध्ये या समूहाने 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू केले आणि 'फँटम' हा परदेशी नायक भारतीय मुलांच्या घरात पोचला. या उपक्रमात पै यांचा सहभाग होता. कॉमिक्स हा व्यवसाय कसा चालतो, एका पानावर किती चौकटी मावतात, चित्रकाराला संहिता कशी द्यावी लागते आणि वितरकाचा हिशेब कसा असतो, याचे व्यावहारिक शिक्षण त्यांना येथे मिळाले. 'मानव'च्या वेळी नेमकी हीच शिदोरी त्यांच्याजवळ नव्हती.

'अमर चित्र कथे'च्या जन्माची सर्वत्र सांगितली जाणारी हकीकत १९६७ सालची आहे. दिल्लीतील एका दुकानात दूरचित्रवाणीवर विद्यार्थ्यांची प्रश्नमंजूषा सुरू होती. ग्रीक पुराणातील देवतांविषयीच्या प्रश्नाचे उत्तर मुलांनी दिले, परंतु रामाच्या आईचे नाव त्यांना सांगता आले नाही. पै तेथे उभे राहून हा कार्यक्रम पाहत होते. भारतीय कथा मुलांपर्यंत चित्रांतून न्यायच्या, असा निश्चय त्यांनी तेव्हा केला, असे ते स्वतः अनेक वर्षे सांगत असत.

ही हकीकत खोटी मानण्याचे कारण नाही, पण ती पूर्णही नाही. पै दिल्लीत तो कार्यक्रम पाहत होते, त्याच्या दोन वर्षे आधी, १९६५ च्या सुमारास, इंडिया बुक हाऊस या प्रकाशन आणि वितरण संस्थेच्या बंगळुरू येथील कामाशी संबंधित असलेले जी. के. अनंतराम यांनी कन्नड मुलांसाठी चित्रमय पुस्तके काढण्याची कल्पना मांडली होती. त्यानुसार 'अमर चित्र कथा' या नावाने कन्नडमध्ये दहा अंक निघाले. त्यांत सिंड्रेला, स्नो व्हाईट, अल्लाउद्दीन अशा परदेशी परीकथा होत्या. या अंकांना मिळालेल्या प्रतिसादामुळेच इंडिया बुक हाऊसचे मीरचंदानी यांना हा व्यवहार पुढे नेण्याचा विश्वास वाटला, असे अनंतराम यांचे म्हणणे आहे. दुसऱ्या बाजूला पै आपली योजना घेऊन एकामागून एक प्रकाशकांकडे जात होते आणि नकार घेऊन परत येत होते. अखेर मीरचंदानी यांनी होकार दिला. पै यांनी टाइम्समधील नोकरी सोडली. परीकथांची जागा पुराणकथांनी आणि कन्नडची जागा इंग्रजीने घेतली. मालेचे नाव तेच राहिले आणि क्रमांकही पुढे चालू राहिला.

श्रेय कोणाचे, हा वाद अधूनमधून उपस्थित होतो. प्रस्तुत लेखकाच्या मते दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. प्रादेशिक भाषेत चित्रमय पुस्तक विकले जाते, हे बंगळुरूने दाखवून दिले. त्या पुस्तकात काय असावे, हे पै यांनी ठरवले. भाषांतराच्या व्यवसायातील माणसाला मात्र एक रुखरुख लागून राहते. जी माला एका भारतीय भाषेत जन्माला आली, ती पुढे इंग्रजीतून लिहिली जाऊ लागली आणि कन्नड, मराठी, हिंदी या भाषा तिच्या अनुवादाच्या भाषा झाल्या. इंग्रजी वाक्याच्या मापाने काढलेल्या संवादाच्या फुग्यात मराठी वाक्य बसवताना काय कसरत करावी लागते, हे ज्याने केले आहे त्यालाच कळेल.

१९७० च्या उंबरठ्यावर 'कृष्ण' प्रसिद्ध झाला. संहिता पै यांची होती आणि चित्रे राम वाईरकर यांची. सुरुवातीच्या अंकांत खर्च वाचवण्यासाठी पिवळा, निळा आणि हिरवा अशा मोजक्याच रंगांवर भागवले जाई. सर्व रंगांतील छपाई नंतर आली. विक्रीचा आरंभ निराशाजनक होता. पुस्तकविक्रेते कॉमिक्सला दर्शनी जागा देण्यास तयार नसत, शाळांना तर हा प्रकार अभ्यासाचा शत्रू वाटे. पै यांनी मग पुस्तकांच्या दुकानांबाहेरची ठिकाणे शोधली. पेट्रोल पंप, उपाहारगृहे अशा जागी पुस्तकांचे स्टँड लावण्यासाठी ते स्वतः फिरले. शाळांच्या मुख्याध्यापकांना भेटून त्यांनी आपली बाजू मांडली. १९७८ साली दिल्लीत शालेय शिक्षणातील चित्रकथेचे स्थान या विषयावर परिसंवाद झाला. पाठ्यपुस्तकातून इतिहास शिकलेल्या आणि चित्रकथेतून शिकलेल्या मुलांची तुलनाही त्या निमित्ताने करण्यात आली. पै यांचे म्हणणे असे होते की चित्र हे वाचनाला पर्याय नसून वाचनाकडे नेणारी वाट आहे. आज बालशिक्षणात हे सर्वमान्य झाले असले, तरी त्या काळी ते पटवून द्यावे लागत होते.

या मालेवर मराठी कलावंतांची मुद्रा स्पष्ट दिसते. राम वाईरकर यांच्याबरोबरच प्रताप मुळीक, दिलीप कदम, चंद्रकांत विटणकर, अशोक डोंगरे, वसंत हळबे या चित्रकारांनी शेकडो पाने रेखाटली. देशभरातील मुलांच्या मनात राम, कृष्ण, अर्जुन यांचे जे चेहरे रुजले, त्यांतील बरेचसे मुंबई-पुण्यातील चित्रकारांच्या लेखणीतून उतरले आहेत. शिवाजी महाराज, तानाजी, बाजीराव, ज्ञानेश्वर, तुकाराम, लोकमान्य टिळक यांच्यावरील अंकांमुळे महाराष्ट्राचा इतिहास तमिळनाडू किंवा बंगालमधील मुलांनाही परिचित झाला. संपादनाच्या कामात कमला चंद्रकांत आणि सुब्बा राव यांची पै यांना मोलाची साथ होती. १९८५ पासून निघालेले महाभारताचे ४२ भाग हे या चमूचे सर्वांत मोठे काम होय. त्याची चित्रे प्रामुख्याने दिलीप कदम यांची आहेत.

मुलांसाठी लिहिताना काय दाखवायचे आणि काय गाळायचे, हा प्रश्न पै यांच्यासमोर सतत होता. 'कृष्ण'च्या पहिल्या आवृत्तीत त्यांनी चमत्कारांवर फारसा भर दिला नव्हता. विज्ञानाचे शिक्षण घेतलेल्या संपादकाला ते स्वाभाविक वाटले असावे. मात्र गोवर्धन उचलणारा कृष्ण ठळकपणे न दिसल्याची तक्रार वाचकांनी केली आणि पुढील आवृत्तीत तो प्रसंग संपूर्ण दिमाखात आला. वाल्मीकींवरील अंकात ते आधी वाटमारी करत असल्याची परंपरागत कथा दिली होती. पंजाबमधील वाल्मीकी समाजाने त्याचा तीव्र निषेध केला आणि तो अंक मागे घ्यावा लागला. आपण लोककथा सांगत आहोत असे संपादकाला वाटते, तेव्हा त्या कथेतील माणसाला दैवत मानणारा एक समाज ती वाचत असतो, याचा हा अनुभव होता.

अभ्यासकांचे आक्षेप याहून खोलवर जाणारे आहेत. या पुस्तकांत नायक गोरे आणि राक्षस काळे दाखवले जातात, स्त्रियांच्या वाट्याला बहुधा त्याग आणि पातिव्रत्य येते, मुस्लिम राज्यकर्त्यांचे चित्रण एकांगी होते, आणि भारतीय परंपरा म्हणजे प्रामुख्याने उच्चवर्णीय हिंदू परंपरा असा समज मुलांच्या मनात तयार होतो, ही टीका अनेक वर्षे होत आली आहे. तिच्यात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. १९७९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्यावर अंक निघाला, पुढे संत चोखामेळा यांच्यावरही निघाला, हेही नोंदवले पाहिजे. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाची ओळख महाराष्ट्राबाहेरील कित्येक मुलांना अशा चित्रांतूनच झाली असेल. तरीही एकूण यादीत अशा अंकांचे प्रमाण अल्पच राहिले. बत्तीस पानांत एक आयुष्य बसवायचे म्हटले की कडा घासून गुळगुळीत केल्या जातात, आणि एकाच संपादकाच्या हाती इतकी वर्षे सूत्रे असली की त्याची आवड हीच देशाची स्मृती ठरू लागते. पै यांच्या यशाची ही दुसरी बाजू आहे.

एप्रिल १९८० मध्ये 'टिंकल' या नियतकालिकाचा आरंभ झाला. ही सूचना सुब्बा राव यांची होती. 'अमर चित्र कथे'तील पै उपदेशकाच्या भूमिकेत दिसतात, तर 'टिंकल'मध्ये ते मोकळे झाले, असे म्हणावेसे वाटते. येथे देव नव्हते, राजे मोजके होते आणि विनोदाला मज्जाव नव्हता. तमिळनाडूतील एका वाचकाने पाठवलेल्या लोककथांवरून 'सुप्पांडी' हा भोळा नोकर अवतरला आणि राम वाईरकर यांनी त्याला चेहरा दिला. लुई फर्नांडिस यांनी लिहिलेल्या आणि वसंत हळबे यांनी रेखाटलेल्या 'शिकारी शंभू'ची टोपी डोळ्यांवरून कधीच वर सरकली नाही. मुलांनी पाठवलेल्या गोष्टी छापणे आणि त्यांच्या पत्रांना उत्तरे देणे हा या मासिकाचा प्राण होता. अनंत पै 'अंकल पै' झाले ते या पत्रव्यवहारातून. पै आणि त्यांच्या पत्नी ललिता यांना अपत्य नव्हते. देशभरातून येणारी मुलांची पत्रे मात्र या नावाने त्यांच्याकडे अखेरपर्यंत येत राहिली.

१९९० च्या दशकात घरोघरी दूरचित्रवाणीच्या अनेक वाहिन्या पोचल्या आणि चित्रकथांचा खप ओसरू लागला. 'अमर चित्र कथे'च्या नव्या अंकांची निर्मिती जवळजवळ थांबली, जुन्या अंकांचे पुनर्मुद्रण सुरू राहिले. तोपर्यंत चारशेहून अधिक अंक निघाले होते. वीस भाषांत मिळून दहा कोटींपेक्षा अधिक प्रती विकल्या गेल्याचे प्रकाशक सांगतात. २००७ साली ही माला आणि 'टिंकल' ही दोन्ही प्रकाशने एसीके मीडिया या नव्या कंपनीकडे गेली. पै यांचा त्यांच्याशी असलेला संबंध त्यानंतरही कायम राहिला.

दरम्यान, ज्या शहरात परीकथांचे ते दहा अंक निघाले, त्या बंगळुरूत मुलांच्या चित्रपुस्तकांचे काम वेगळ्या मार्गाने पुन्हा उभे राहिले. २००४ साली तेथे 'प्रथम बुक्स' ही संस्था स्थापन झाली. कमी किमतीची चित्रपुस्तके एकाच वेळी अनेक भारतीय भाषांत काढायची, हे तिचे धोरण आहे. २०१५ पासून तिच्या 'स्टोरीवीव्हर' या संगणकीय व्यासपीठावर मराठीसह अनेक भाषांतील चित्रकथा कोणालाही विनामूल्य वाचता येतात, तसेच त्यांचा अनुवादही करता येतो. या पुस्तकांत देव आणि राजांपेक्षा शेजारची मुले, भाजीवाले, झाडे आणि मुंग्या अधिक भेटतात.

फेब्रुवारी २०११ मध्ये दिल्लीत देशातील पहिले कॉमिक संमेलन भरले. तेथे १९ तारखेला पै यांना जीवनगौरव पुरस्कार देण्यात आला. त्यानंतर पाचच दिवसांनी, २४ फेब्रुवारी २०११ रोजी, मुंबईत हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. ते ८१ वर्षांचे होते. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला, त्यांच्या जन्मदिनी, गुगलने आपल्या भारतीय मुखपृष्ठावरील बोधचिन्ह चित्रकथेच्या रूपात सादर केले होते.